उभ्या बैलाचा खर्च

"बैल दावणीला नुसता उभा आहे, त्याला पोटभर चारा कशाला?" असा प्रश्न फाल्गुन-चैत्राच्या सुमारास नांदेड व लातूर जिल्ह्यांतील पुष्कळ घरीं निघतो. कडब्याची गंजी उतरत चाललेली असते, बाजारांत पेंढीचा भाव चढत असतो, आणि औताचें काम थोडें असतें. पुढें मृगाचा पाऊस पडतो, पेरणीची घाई उडते, आणि त्याच घरीं दुसरा प्रश्न निघतो : "चारा आम्ही अर्धा दिला हें खरें, पण बैलानें निदान अर्धें काम तरी करावयास नको काय?"

हे प्रश्न विचारणारा मनुष्य निर्दय असतो असें नाहीं. त्याचा हिशेब चुकलेला असतो, इतकेंच. ज्या स्थितीला आपण विश्रांति म्हणतों तिच्यांतहि जनावराच्या शरीरांत मोठा खर्च चालूं असतो. तो भागल्यावर जें उरतें त्यांतूनच काम निघतें. ही गोष्ट ध्यानांत न आल्यामुळें दुष्काळाच्या सालीं पुष्कळ चांगले बैल वाया जातात. प्रिय वाचकहो, ह्या पाठांत तो हिशेब पायरीपायरीनें मांडावयाचा आहे. कागद व पेन्सिल जवळ घेऊन बसावें. जेथें दहापांच मंडळी एकत्र बसून वाचतात तेथें वाचणाऱ्यानें प्रत्येक भागानंतर थांबून आंकडे फळ्यावर लिहावे, म्हणजे ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांनाहि पाठ समजेल.

१. श्वास आणि विस्तव

चूल पेटली म्हणजे सरपण जळतें, हवेंतील प्राणवायु खर्च होतो, कर्बाम्ल वायु बाहेर पडतो आणि उष्णता निघते. जनावर श्वास घेतें तेव्हांहि प्राणवायु आंत जातो, कर्बाम्ल वायु बाहेर येतो, आणि अंग ऊन राहतें. हें साम्य केवळ वरवरचें नाहीं. फ्रान्स देशांतील लाव्हाझिए व लाप्लास ह्या दोन शास्त्रज्ञांनीं १७८२-८३ च्या हिवाळ्यांत पॅरिस येथें ह्याची परीक्षा केली. गिनीपिग नांवाचा, उंदराच्या वर्गांतील एक लहान प्राणी त्यांनीं बर्फानें वेढलेल्या भांड्यांत ठेविला, आणि त्याच्या अंगच्या उष्णतेनें किती बर्फ वितळला हें तोलून पाहिलें. मग त्या प्राण्यानें सोडलेला कर्बाम्ल वायु मोजून, तितकाच वायु कोळसा जाळून निघतांना किती बर्फ वितळतो ह्याचा हिशेब केला. दोन्ही आंकडे बरेच जवळ आले. त्यावरून त्यांनीं ठरविलें कीं, श्वासोच्छ्वास म्हणजे एक प्रकारचें मंद ज्वलनच होय. त्यांत ज्वाला नसते व धूर नसतो. पण खाल्लेलें अन्न हेंच त्याचें सरपण असतें.

अन्नाचे सूक्ष्म घटक होणें, ते रक्तावाटे अंगभर जाणें, त्यांतून शक्ति निघणें, झिजलेले भाग पुन्हां बांधले जाणें, ह्या सर्व व्यापाराला शास्त्रांत चयापचय म्हणतात. हा व्यापार किती वेगानें चालतो त्यावर जनावराला अन्न किती लागेल हें अवलंबून असतें.

२. मोजण्याचें माप

दूध लिटरनें व धान्य किलोनें मोजतात, त्याप्रमाणें ही शक्ति उष्मांकांनीं मोजतात. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसनें तापविण्यास जितकी उष्णता लागते तितकी म्हणजे एक उष्मांक. एक किलो शुद्ध चरबींत सुमारें ९,००० उष्मांक असतात. ज्वारीच्या एक किलो वाळलेल्या कडब्यांतून बैलाच्या अंगीं लागणारे उष्मांक ढोबळ मानानें १,८०० धरावे. कडबा जाळला तर ह्याच्या दुपटीहून अधिक उष्णता निघेल. परंतु बैलाच्या पोटांत गेलेल्या कडब्याचा मोठा भाग न पचतां शेणावाटे जातो, कांहीं मूत्रावाटे जातो, आणि रवंथ करतांना ढेकरांतून जो वायु निघतो त्यांतहि कांहीं जातो. सरकीच्या किंवा भुईमुगाच्या एक किलो पेंडींतून अडीच हजारांहून अधिक उष्मांक अंगीं लागतात. कडबा जुना, काळा पडलेला किंवा भिजून सुकलेला असेल तर त्याचा आंकडा कमी धरावा. पुढील हिशेबांत हे आंकडे कामीं येतील.

३. उभा बैल काय खर्च करतो?

आपल्या प्रदेशाच्या दोन नामांकित गोवंश-जाती आहेत. नांदेड जिल्ह्यांतील कंधार गांवच्या नांवानें प्रसिद्ध असलेली लाल कंधारी ही मध्यम बांध्याची व गडद लाल रंगाची असून कोरडवाहू शेतींत टिकून काम करणारी आहे. लातूर जिल्ह्यांतील देवणीच्या नांवानें ओळखली जाणारी देवणी ही अंगानें भारी असून औताला व दुधाला दोन्हींना उपयोगी आहे. हिच्यांत तीन प्रकार ओळखतात : तोंड काळें व बाकीचें अंग पांढरें असलेला वानेरा, पोटाखालच्या बाजूस काळे ठिपके असलेला बालंक्या, आणि पांढऱ्या अंगावर वेडेवांकडे काळे पट्टे असलेला शेवेरा. लोहा तालुक्यांतील माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत हीं जनावरें पाहावयास व विकत घ्यावयास लांबलांबचे शेतकरी येतात.

सोयीसाठीं आपण ४०० किलो वजनाचा एक बैल धरूं. तो गोठ्यांत आहे. औत नाहीं, गाडी नाहीं. तरी त्याचें हृदय रात्रंदिवस रक्त ढकलीत आहे. फुप्फुसें हालत आहेत. मूत्रपिंडें रक्त गाळीत आहेत. मेंदू जागा आहे. अंगाची उष्णता सुमारें साडेअडतीस अंशांवर राखली जात आहे. शरीरांतील जुने कण मोडून नवे बांधले जात आहेत. ह्यांपैकीं एकहि काम तासभर थांबवितां येत नाहीं. उपाशीपोटीं, अगदीं स्वस्थ असतांना ह्या सर्वांस मिळून सुमारें ६,३०० उष्मांक रोज लागतात. शिवाय चारा चावणें, रवंथ करणें, पचविणें, उठणें-बसणें व गोठ्यांत चार पावलें फिरणें हाहि खर्च आहेच. नुसतें उभें राहण्यासहि बसण्यापेक्षां अधिक शक्ति लागते. दिवसभर उभा राहिलेला बैल बसलेल्या बैलाहून सुमारें दहाव्या हिश्श्यानें अधिक खर्च करतो. हें सर्व धरून एकंदर रोजचा आंकडा १०,००० उष्मांकांच्या आसपास येतो.

म्हणजे कांहीं एक काम न करणाऱ्या बैलालाहि, वजन न घटतां जगावयाचें तर, साडेपांच ते सहा किलो चांगला कडबा रोज लागतो. ह्याला आपण "उभा खर्च" असें नांव देऊं. घराचें भाडें जसें मनुष्य घरीं असो वा परगांवीं असो द्यावेंच लागतें, तसा हा खर्च आहे.

४. लहान अंग, मोठें अंग

मग लहान जनावर ठेविलें तर खर्च कमी होईल काय? होईल, परंतु आपण समजतों त्या मानानें नव्हे. मूळचे स्विस व पुढें अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठांत काम करणारे मॅक्स क्लायबर ह्यांनीं निरनिराळ्या आकारांच्या प्राण्यांचा विश्रांतींतील खर्च एकत्र मांडून १९३२ सालीं एक नियम दाखवून दिला. तो सोप्या शब्दांत असा कीं, एका प्राण्याचें वजन दुसऱ्याच्या १६ पट असेल तर त्याचा खर्च १६ पट नसून सुमारें ८ पट असतो. म्हणजे मोठ्या प्राण्याचा एकंदर खर्च अधिक, पण दर किलो वजनामागें कमी. लहान प्राण्याचा एकंदर खर्च कमी, पण दर किलोमागें अधिक.

ह्या नियमानें काढलेले विश्रांतींतील आंकडे पाहा. दोन किलोच्या कोंबडीला रोज सुमारें १२० उष्मांक लागतात, म्हणजे दर किलोस ६०. तीस किलोच्या उस्मानाबादी शेळीला सुमारें ९००, म्हणजे दर किलोस ३०. चारशें किलोच्या बैलाला ६,३००, म्हणजे दर किलोस सोळांच्या आंत. वजनानें तेरा शेळ्या एका बैलाएवढ्या भरतात. पण त्या तेरा शेळ्यांचा जगण्याचा खर्च जवळजवळ दोन बैलांएवढा होतो. उलट पक्षीं, ज्या विधवा बाईच्या घरीं एका बैलाचा चारा निघत नाहीं तिच्या घरीं दोन शेळ्या सहज निभावतात. कारण एका शेळीचा एकंदर खर्च बैलाच्या सातव्या हिश्श्याइतकाच असतो, आणि ती बांधावरचा पाला ओरबाडून तो भागवूं शकते.

हाच नियम बैल निवडतांना लावून पाहावा. पांचशें किलोचा बैल चारशें किलोच्या बैलाहून वजनानें, व म्हणून ओढीनें, सव्वापट असतो. पण त्याचा उभा खर्च सुमारें शेंकडा १८ नेंच वाढतो. ज्याच्याकडे भारी काळी जमीन आहे, काम पुष्कळ आहे आणि चाराहि आहे त्याला मोठा बैल स्वस्त पडतो. ज्याच्याकडे माळाची तीनचार एकर जमीन आहे आणि बैल वर्षांतील बहुतेक दिवस उभाच असतो, त्याला मोठ्या बैलाचा अधिक उभा खर्च व्यर्थ पडतो. त्याला मध्यम अंगाचा बैलच बरा. बालाघाटाच्या माळरानांत लाल कंधारीला जी पसंती मिळाली तिच्यांत हेंहि एक शहाणपण आहे.

५. जुंपलेला बैल

आतां त्याच चारशें किलोच्या बैलाला नांगराला जुंपूं. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. नांगराचें तास ६ इंच रुंद पडलें तर एका एकरांतील सर्व तासांची लांबी ८७,१२० फूट होते. म्हणजे साडेसोळा मैल, किंवा सुमारें साडेसव्वीस किलोमीटर! बैलजोडीनें दिवसांत अर्धा एकर नांगरला तर ती सव्वातेरा किलोमीटर चालली, आणि तीहि नांगर ओढीत.

ह्या कामाचे दोन भाग करावे. पहिला भाग चालण्याचा. सपाट जमिनीवर चारशें किलोच्या बैलाला एक किलोमीटर चालण्यास सुमारें १९० उष्मांक लागतात. सव्वातेरा किलोमीटरांस २,५००. चिखलांत व ढेकळांत हा आंकडा वाढतो. दुसरा भाग ओढण्याचा. बैल आपल्या वजनाच्या सुमारें दहाव्या हिश्श्याइतकी ओढ दिवसभर टिकवूं शकतो. म्हणजे येथें ४० किलोची. एवढ्या ओढीनें सव्वातेरा किलोमीटर नांगर नेल्यास जमिनींत प्रत्यक्ष झालेलें काम सुमारें १,२५० उष्मांकांचें भरतें. परंतु स्नायु हें यंत्र असें आहे कीं, त्यानें खर्चिलेल्या शंभर उष्मांकांतून सुमारें तीसच ओढींत उतरतात. बाकीच्यांची उष्णता होते. म्हणून १,२५० चें काम करण्यास बैलाला सुमारें ४,२०० खर्चावे लागतात.

बेरीज करूं : उभा खर्च १०,०००, चालणें २,५००, ओढणें ४,२००, एकूण १६,७०० उष्मांक. कामाच्या दिवशीं बैलाचा खर्च रिकाम्या दिवसाच्या पावणेदोनपटीच्या किंचित् आंत जातो.

ह्या आंकड्यांत दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, भर नांगरणीच्या दिवशींहि निम्म्याहून अधिक चारा नुसत्या जगण्यांतच जातो. दुसरी ही कीं, जमीन फोडण्यास प्रत्यक्ष लागलेली शक्ति १६,७०० पैकीं १,२५०, म्हणजे शेंकडा साडेसात इतकीच. बैल आळशी आहे असें म्हणण्यापूर्वीं हा आंकडा आठवावा.

आतां चाऱ्याकडे पाहूं. बैलाच्या पोटांतहि जागा मर्यादित असते. नुसता कडबा खाऊन तो दिवसांत आठ किलोच्या आसपास खाईल. त्यांतून १४,४०० उष्मांक मिळतील. तूट २,३०० ची राहिली. ती एक किलो पेंडीनें भरून निघते. नांगरणी-पेरणीच्या दिवसांत बैलाला पेंड किंवा भरडा देण्याची आपल्या वाडवडिलांची जी रीत होती ती लाडाची नव्हती. ती हिशेबाची होती. आज ती रीत अधिकच आवश्यक झाली आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत ज्वारीची जागा पुष्कळ ठिकाणीं सोयाबीननें घेतली आहे. त्यामुळें घरचा कडबा कमी झाला, आणि सोयाबीनचें भुसकट कडब्याची बरोबरी करीत नाहीं.

६. अर्धा चारा, अर्धें काम?

आतां पहिल्या प्रश्नांकडे वळूं. कामाच्या दिवशींचा पुरा चारा १६,७०० उष्मांकांचा. त्याचा अर्धा म्हणजे ८,३५०. आणि उभा खर्च तर १०,००० चा! अर्ध्या चाऱ्यांत अर्धें काम बसत नाहीं. त्यांत मुळीं कामच बसत नाहीं. बैल नुसता उभा राहिला तरी रोज १,६५० ची तूट येते.

तरी आपण त्याला जुंपतों, आणि तो बिचारा ओढतोहि. मग ती शक्ति कोठून आली? ती त्याच्या अंगांतून आली. अर्ध्या चाऱ्यावर पुरें काम घेतल्यास रोज ८,३५० उष्मांकांची तूट पडते. म्हणजे जवळजवळ एक किलो चरबी दररोज जळते. चरबी सरत आली म्हणजे मांस झिजूं लागतें. आणि ज्या स्नायूंनीं ओढावयाचें तेच स्नायु सरपण होऊन बसतात. पेरणीच्या दहाव्या दिवशीं बैल तासांत बसतो व उठत नाहीं, तेव्हां लोक दृष्ट लागली म्हणतात. खरें पाहतां त्यानें आपलेंच अंग जाळून इतके दिवस नांगर ओढलेला असतो.

उन्हाळ्यांतील काटकसरीचा हिशेबहि असाच आहे. दहा हजारांऐवजीं सात हजार दिले तर रोज ३,००० ची तूट. तीन दिवसांत एक किलो चरबी गेली. उपाशी शरीर आपला चयापचय कांहींसा मंद करतें, हालचाल कमी करतें, त्यामुळें प्रत्यक्ष नुकसान ह्याहून थोडें कमी होईल. पण तूट पुरी भरून निघत नाहीं. आणि गेलेली चरबी परत आणावयाची तर तिच्यांत होते तितकेच उष्मांक पुरत नाहींत. कडब्यासारख्या चाऱ्यावर दुपटीच्या आसपास लागतात. तेव्हां चैत्रांत वांचविलेला चारा आषाढांत व्याजासकट फेडावा लागतो, आणि त्याचें व्याज सावकाराच्या व्याजाहून जड असतें. पोळ्याच्या दिवशींच्या पुरणपोळीनें ही तूट भरत नाहीं. इतकेंच नव्हे, तर उपाशी जनावराला एकदम भरपूर दाणा घातल्यास पोटांत आम्ल वाढून तें आजारी पडतें, प्रसंगीं मरतें. दाणा किंवा भरडा वाढवावयाचा तो आठदहा दिवसांत हळूहळू वाढवावा.

७. उष्णता कोठें जाते?

वर सांगितलें कीं, खर्चिलेल्या शक्तीचा बहुतेक भाग उष्णता होतो. अर्धा एकर नांगरतांना उभ्या खर्चावर जे ६,७०० उष्मांक अधिक लागले त्यांपैकीं १,२५० जमिनींत गेले. उरलेल्या ५,४५० ची उष्णता बैलाच्या अंगांत सांठली. ती बाहेर पडली नाहीं तर अंग तापून बैल कोसळेल. थंड वेळीं कांहीं उष्णता हवेंत निघून जाते. पण हवा अंगाहूनहि तापलेली असेल तेव्हां घाम व श्वास ह्यांवाटे पाण्याची वाफ करून टाकणें हाच मार्ग उरतो. एक लिटर पाण्याची अशी वाफ होण्यास सुमारें ५८० उष्मांक लागतात. तेव्हां केवळ नांगरणीनें वाढलेली उष्णता घालविण्यास नऊ-साडेनऊ लिटर पाणी हवें. आणि हें रोजच्या पाण्याहून वेगळें.

म्हणून पहाटे औत जुंपून दहाच्या सुमारास सोडणें, दुपारीं सावलींत बांधणें व पुन्हां तिसऱ्या प्रहरीं जुंपणें ही जुनी रीत शास्त्राला धरून आहे. बैल जीभ बाहेर काढून धापा टाकूं लागला म्हणजे त्याची उष्णता बाहेर पडण्याची वाट अपुरी पडूं लागली असें समजावें. त्या वेळीं पराणी टोचणें म्हणजे भरलेल्या रांजणांत आणखी पाणी ओतणें आहे. त्याला थांबवावें, सावलींत न्यावें, पाणी पाजावें व अंगावर पाणी मारावें.

८. दुष्काळांतील हिशेब

२०१६ सालचा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहींत. मांजरा धरण कोरडें पडलें, आणि एप्रिल महिन्यांत मिरजेहून आगगाडीनें लातूरला पिण्याचें पाणी आणावें लागलें. माणसांची ही गत, तर जनावरांची काय विचारावी? मराठवाड्यांत चारा-छावण्या उघडाव्या लागल्या, आणि कित्येकांनीं दावणीचीं जनावरें मिळेल त्या किंमतीस विकलीं. अशा वेळीं प्रत्येक उष्मांक जपून वापरावा लागतो. तो कोठें जपतां येतो?

पहिली जागा चालण्याची. पाणवठा पांच किलोमीटर दूर असेल तर जाऊन येऊन दहा किलोमीटर होतात. त्यांत बैलाचे १,९०० उष्मांक जातात, म्हणजे एक किलोहून अधिक कडबा नुसता रस्त्यावर सांडला. वाटेंत चढ असेल तर खर्च आणखी वाढतो. शंभर मीटर उंची चढणें हें सपाटीवर दीड किलोमीटर चालण्यासारखें आहे. माळावर गवत नसतांना "फिरून कांहीं तरी खाईल" म्हणून जनावर दिवसभर सोडणें हेंहि असेंच. तें जितकें मिळवितें त्याहून अधिक हरवितें. ज्याला शक्य आहे त्यानें पाणी व चारा जनावराकडे न्यावा, जनावर त्यांच्याकडे नेऊं नये.

दुसरी जागा चाऱ्याच्या नासाडीची. अख्खी पेंढी टाकल्यास जनावर पानें खातें व जाड बुडखा तुडवितें. कुट्टी करून गव्हाणींत घातल्यास तोच चारा अधिक दिवस पुरतो. तिसरी जागा सावलीची. उन्हांत तळमळत उभें राहणारें जनावर खातें कमी आणि धापा टाकण्यांत खर्च करतें. चौथी जागा संख्येची. चार जनावरांना अर्धपोटीं ठेवण्यापेक्षां दोघांना उभा खर्च पुरा देणें शहाणपणाचें. अर्धपोटीं ठेविलेलीं चारहि हातचीं जाण्याचा संभव असतो. भाकड व जादा जनावरांविषयींचा निर्णय चारा सरल्यावर न घेतां दिवाळीच्या सुमारास, गंजी मोजून घ्यावा. त्या वेळीं आपल्या हातीं चारा असतो, जनावर धडधाकट असतें, आणि भाऊबंदांशीं विचारविनिमय करण्यास अवकाशहि असतो.

९. बैल आणि ट्रॅक्टर

वर सांगितलेली बैलजोडी ताशीं अडीच किलोमीटर चालत असेल तर तिची शक्ति सुमारें पाऊण अश्वशक्ति भरते. लहानसा ट्रॅक्टरहि ह्याच्या कित्येक पट असतो. आणि त्याचा मोठा गुण असा कीं, तो उभा असतांना डिझेल खात नाहीं. बैलाचा उभा खर्च वर्षाचे तीनशें पांसष्ट दिवस चालतो. गोठे रिकामे होण्याचें हें एक मोठें कारण आहे. २०१९ च्या पशुगणनेंत महाराष्ट्रांतील गाईबैलांची संख्या २०१२ च्या मानानें सुमारें शेंकडा दहानें कमी भरली. परंतु ट्रॅक्टर कडबा खाऊन चालत नाहीं, शेण देत नाहीं, आणि उभ्या पिकांत कोळपणी करण्यास तो सर्वत्र चालतोच असें नाहीं. कोणीं काय ठेवावें हें ज्याचें त्यानें आपली जमीन व आपली गंजी पाहून ठरवावें. मात्र बैल ठेवावयाचा तर त्याचा उभा खर्च आधीं बाजूला काढून ठेवावा, मगच कामाची अपेक्षा करावी. मुक्या जनावराला आपली तूट बोलून दाखवितां येत नाहीं. ती त्याच्या फांसळ्यांवर दिसते, आणि दिसूं लागते तेव्हां बराच उशीर झालेला असतो.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. बैल काम करीत नसतांना त्याच्या शरीरांतील कोणकोणतीं कामें चालूं असतात?

२. आपल्या घरची कडब्याची एक पेंढी तोलून पाहा. चारशें किलोच्या बैलाचा उभा खर्च भागविण्यास अशा किती पेंढ्या रोज लागतील? मृगापर्यंत किती?

३. एका बैलाला तीस दिवस रोज चारच किलो कडबा मिळाला. रोजची तूट किती? त्याची काटकसर सोडून दिल्यास महिन्यांत किती चरबी जाईल?

४. वखराची फांस दीड फूट रुंद असेल तर एक एकर वखरतांना जोडी किती चालेल? नांगराशीं तुलना करा.

५. "अर्ध्या चाऱ्यांत अर्धें काम" हें म्हणणें चुकीचें कां, तें शेजाऱ्याला पुस्तक न पाहतां समजावून सांगा.

६. आपल्या गांवचा उन्हाळ्यांतील पाणवठा किती दूर आहे? तेथवर जाण्या-येण्यांत एका बैलाचा किती कडबा खर्च होतो, आणि गांवानें मिळून तो कसा वांचवितां येईल?